आधी ‘काहीच केलं नाही तर’ हा भाग वाचा : अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांतली तोड, वणवा आणि खाण

प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘आम्ही ऑरेगनमध्ये राहतो, गावाला लागूनच राष्ट्रीय वन आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथे मोठा वणवा लागला. आता फॉरेस्ट सर्व्हिसचं पत्र आलंय. जळालेली झाडं तोडून विकायची आहेत, शेजारच्या न जळालेल्या भागात विरळणी करायची आहे, तीस दिवसांत मत कळवा, असं त्यात आहे. त्याच डोंगरावर एका खाण कंपनीने खनिजाचा शोध घेण्यासाठी खोदकामाची परवानगी मागितली आहे. सोबतचा पर्यावरण-परिणामांचा अहवाल उघडला तर काही कळेना. यात वाचायचं काय, लिहायचं काय, आणि आम्ही व्हिसावर असताना आमचं मत कुणी धरतं का?’

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. धरतात. मत नोंदवायला नागरिकत्व लागत नाही, मतदार असावं लागत नाही, जमीन नावावर असावी लागत नाही. जंगलात चालायला जाणारा, ओढ्याचं पाणी पिणारा, काहीच संबंध नसलेला, कुणीही लिहू शकतो. एकच अट सांभाळायची : मत मुदतीत पोचलं पाहिजे आणि त्यात या प्रकल्पाबद्दल नेमकं काहीतरी असलं पाहिजे. पुढे निर्णयाच्या मसुद्यावर आक्षेप घ्यायची वेळ आली, तर ज्याने आधी मुदतीत नेमकं मत दिलं होतं त्यालाच सहसा तो दरवाजा उघडा असतो. म्हणून अर्धवट का होईना, वेळेत पाठवा.

माझं काम माती आणि पाण्याचं. अशा अहवालांतले ते भाग मी बरीच वर्षं लिहिले आहेत आणि दुसऱ्यांनी लिहिलेले तपासले आहेत. त्यामुळे खाली पाण्याचं पारडं थोडं जड वाटेल, पण वाचण्याची पद्धत सगळीकडे तीच लागू पडते.

आधी कायदा कोणता ते बघू. राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा, ज्याला सगळे नेपा म्हणतात, त्यावर १ जानेवारी १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केली. केंद्र सरकारच्या कुठल्याही खात्याने मोठं पाऊल उचलण्याआधी त्याचे परिणाम काय होतील आणि दुसरे पर्याय कोणते आहेत हे तपासून लोकांसमोर ठेवावं, एवढं हा कायदा सांगतो. फॉरेस्ट सर्व्हिसच्या ताब्यात जवळपास १९ कोटी ३० लाख एकर जमीन आहे. तिथे पडणारी जवळजवळ प्रत्येक कुऱ्हाड आणि प्रत्येक कुदळ या कायद्याखाली येते.

पण कायद्याची मर्यादा पहिल्याच दिवशी समजून घ्या, म्हणजे पुढे निराशा होणार नाही. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मेथाऊ व्हॅलीच्या खटल्यात स्पष्ट केलं की नेपा माहितीविना घेतलेला निर्णय अडवतो, चुकीचा निर्णय अडवत नाही. खात्याने दुष्परिणाम प्रामाणिकपणे मांडले आणि तरीही प्रकल्प मंजूर केला, तर नेपाचं काम तिथे संपतं. मे २०२५ मध्ये युटातल्या रेल्वेमार्गाच्या खटल्यात (सेव्हन काउंटी) सुप्रीम कोर्टाने आणखी पुढे जाऊन खालच्या कोर्टांना बजावलं की अहवालात किती खोल जायचं हे ठरवण्यात खात्यांना भरपूर मोकळीक द्या. म्हणजे ‘अहवाल अपुरा आहे’ एवढ्या तक्रारीवर कोर्टात टिकणं आता पूर्वीपेक्षा अवघड झालं आहे. दात आहेत ते इतर कायद्यांना : धोक्यातल्या प्रजातींचा कायदा, स्वच्छ पाण्याचा कायदा, आणि १९७६ चा राष्ट्रीय वन व्यवस्थापन कायदा. नेपाचा अहवाल ही ती जागा, जिथे या कायद्यांना लागणारे पुरावे गोळा होतात. तुम्ही मांडलेला मुद्दा नोंदीत असेल तरच पुढे कुणाला त्याच्यावर उभं राहता येतं.

अहवाल तीन जाडीचे असतात. सर्वांत जाड तो सविस्तर परिणाम अहवाल, म्हणजे ईआयएस. त्याखाली छोटा, ईए. आणि तिसरा प्रकार म्हणजे सूट : ठरावीक वर्गातली कामं मुळातच किरकोळ मानून त्यांचा अहवालच करायचा नाही. २०२३ मध्ये संसदेने पानांवर आणि वेळेवर मर्यादा घातली. ईआयएस १५० पानांत, फारच गुंतागुंतीचा असेल तर ३०० पानांत, आणि दोन वर्षांत. ईए ७५ पानांत आणि एका वर्षात. परिशिष्टं यात मोजत नाहीत, त्यामुळे खरा मजकूर हल्ली परिशिष्टांत आणि तज्ज्ञांच्या वेगळ्या टिपणांत सापडतो. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर ती टिपणं नसतील तर रेंजर ऑफिसला (त्या वनाच्या स्थानिक कार्यालयाला) ईमेल करून मागा. बहुतेक वेळा देतात.

२०२५ मध्ये चौकट आणखी बदलली. व्हाइट हाउसच्या पर्यावरण परिषदेचे १९७८ पासूनचे सामाईक नियम रद्द झाले, आणि जुलैमध्ये कृषी खात्याने स्वतःचे नवे नियम आणले. फॉरेस्ट सर्व्हिस कृषी खात्याखालीच येते. या बदलांत लोकांना मसुदा दाखवून मतं मागवण्याची सक्ती बरीच सैल झाली आहे. म्हणून तुमच्या पत्रात कोणत्या नियमाचा हवाला दिला आहे, मुदत कोणती दिली आहे, आणि आक्षेपाचा टप्पा ठेवला आहे की नाही, हे तीन मुद्दे आधी अधोरेखित करा. जुन्या माहितीवर विसंबून ‘पुढे अजून एक संधी येईलच’ असं गृहीत धरू नका.

आता वाचायचं कुठून. बहुतेक लोक पहिल्या पानापासून सुरू करतात आणि ‘उद्देश व गरज’ या प्रकरणातच अडकतात. मी ‘काहीच केलं नाही तर’ या पर्यायापासून सुरुवात करतो. बहुतेक अहवालांत तो असतो : प्रकल्प नाकारला तर इथे काय होईल? लिहिणाऱ्यांचं गृहीतक या चार-सहा पानांत सर्वांत उघडं पडतं, कारण मंजुरीचं सगळं समर्थन शेवटी याच तुलनेवर उभं असतं. ‘काही केलं नाही’चं चित्र जितकं भयाण रंगवाल, तितका प्रस्ताव सौम्य दिसतो. २०२३ च्या दुरुस्तीत तर संसदेने कायद्याच्या मजकुरातच घातलं की काही न करण्याचे वाईट परिणामही तपासा. त्यात गैर काही नाही, तपासलेच पाहिजेत. माझा आग्रह एवढाच की ते चित्र मोजमापावर आधारलेलं असावं.

आणि हा पर्याय आता आणखी महत्त्वाचा झाला आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात एक तरतूद आहे : कृषिमंत्र्यांनी आणीबाणी जाहीर केलेल्या जागी फॉरेस्ट सर्व्हिसने दोनच पर्याय तपासले तरी चालतात, प्रस्ताव आणि ‘काही नाही’. मधला कुठलाही पर्याय, म्हणजे कमी तोड, कमी रस्ते, वेगळी जागा, तपासायची गरज नाही. आक्षेपाचा टप्पाही तिथे गळतो. एप्रिल २०२५ मध्ये कृषिमंत्र्यांनी अशी आणीबाणी ११ कोटी २६ लाख एकरांवर जाहीर केली, म्हणजे राष्ट्रीय वनांच्या निम्म्याहून जास्त क्षेत्रावर. तुमचं जंगल त्यात येतं का ते नकाशावर बघा. येत असेल, तर ‘काही नाही’चं प्रकरण हीच तुलनेची एकमेव जागा उरते, आणि तुमची सगळी ताकद तिथेच लावली पाहिजे.

विरळणीबद्दल थोडक्यात. ऑरेगनच्या कोरड्या पूर्व भागातल्या पाँडेरोसा पाइनच्या जंगलात शंभर वर्षं वणवे दाबून टाकल्यामुळे लहान झाडांची दाटी झाली आहे. तिथे विरळणी करून नंतर नियंत्रित आग दिली की पुढच्या वणव्याची धग कमी होते, याला भक्कम आधार आहे. ओल्या पश्चिम उतारावरच्या डग्लस फरच्या जुन्या जंगलात ते गणित तसंच्या तसं लागू होत नाही. तिथे मोठे वणवे मुळातच शेकडो वर्षांच्या अंतराने, कोरड्या वादळी पूर्ववाऱ्यात येतात. म्हणून अहवालात कोणत्या जंगलातला पुरावा कोणत्या जंगलाला लावला आहे ते बघा. आणि ‘नंतर नियंत्रित आग’ यासाठी पैसा आणि माणसं आहेत का, हे विचारा. तोड होते, फांद्या-शेंड्यांचे ढीग पडून राहतात आणि आग द्यायचं वर्षानुवर्षं लांबतं, असं झालं तर जमिनीवरचा जळाऊ साठा वाढलेला असतो.

तोडीत पाण्याचं सर्वांत जास्त नुकसान रस्ते करतात, करवत नव्हे. म्हणून झाडांच्या आकड्यांआधी रस्त्यांचा तक्ता काढा : नवे किती मैल, ‘तात्पुरते’ किती, आणि तात्पुरता रस्ता बुजवला हे कोण, कधी तपासणार. दुसरी गोष्ट नकाशाची. अलास्कातल्या टोंगास जंगलात प्रिन्स ऑफ वेल्स बेटावर फॉरेस्ट सर्व्हिसने सुमारे १८ लाख एकरांचा, पंधरा वर्षांचा प्रकल्प आखला होता, पण झाडं नेमकी कुठे तोडणार आणि रस्ते कुठून काढणार हे नंतर ठरवू, असं ठेवलं होतं. २०२० मध्ये जिल्हा न्यायाधीश शॅरन ग्लीसन यांनी ते फेटाळलं. जागाच माहीत नसेल तर परिणाम कसे तपासले, हा साधा प्रश्न होता. तुमच्या अहवालात ‘परिस्थितीनुसार जागा निश्चित केल्या जातील’ अशा अर्थाचं वाक्य सापडलं, तर तेच उद्धृत करून हाच प्रश्न विचारा.

आता जळीत जंगल. तुमचा मुख्य प्रश्न हाच आहे, आणि माझ्या मते सर्वांत घाईत, सर्वांत कमी तपासून निर्णय इथेच होतात.

घाईचं कारण खरं आहे. पाइनच्या जळालेल्या ओंडक्यात पहिल्याच वर्षात निळी बुरशी शिरते, पाठोपाठ लाकूड पोखरणारे भुंगेरे येतात, खोड उकलतं. दोन-तीन वर्षांत त्याची बाजारातली किंमत बरीच खाली येते. म्हणजे अहवालाला वेळ लागला तर विकायला फारसं काही उरत नाही. पण ही घाई बाजाराची आहे. जंगलाची स्वतःची घड्याळं वेगळी आहेत, आणि अहवालात ती एकमेकांत मिसळली जातात. ‘जंगल लवकर सावरावं म्हणून’ आणि ‘लाकडाची किंमत टिकावी म्हणून’ ही दोन्ही कारणं एकाच परिच्छेदात असतील, तर ती वेगळी काढून दाखवायला सांगा. किंमत टिकवणं हा कायदेशीर उद्देश आहे. तो उघडपणे लिहावा.

वणव्यानंतर लगेच जे होतं ते वेगळं काम आहे. आग आटोक्यात येताच माती, पाणी, रस्ते, वन्यजीव यांचे तज्ज्ञ जळीत भागात फिरतात आणि पहिला पाऊस यायच्या आत काय करायचं ते सुचवतात. उपग्रहाच्या चित्रावरून जळण्याच्या तीव्रतेचा नकाशा बनतो आणि तो जमिनीवर जाऊन पडताळतात. पडताळायची एक रीत तुम्हीही करून बघू शकता. राखेचा थर बोटाने बाजूला करा, खालच्या उघड्या मातीवर पाण्याचा थेंब सोडा. निरोगी मातीत तो क्षणात मुरतो. जिथे पालापाचोळ्यातला मेणासारखा अंश आगीत वाफ होऊन खालच्या थंड मातीच्या कणांवर गोठलेला असतो, तिथे थेंब गोल होऊन तसाच बसतो, मनात तीस-चाळीस आकडे मोजले तरी हलत नाही. मग पाव इंच, अर्धा इंच खरवडून पुन्हा सोडा, म्हणजे तो थर किती खोल आहे ते कळतं. अशा उतारावर पहिला जोराचा पाऊस मुरत नाही, सरळ वाहतो, आणि गाळ, राख, दगड घेऊन ओढ्यात उतरतो. हा परिणाम साधारण वर्ष-दोन वर्षांत ओसरतो. म्हणून पेंढा पसरणं, रस्त्याखालच्या मोऱ्या मोठ्या करणं, धोक्याचे रस्ते बंद करणं ही कामं तातडीची आहेत, आणि त्यांना मी नेहमी पाठिंबा देतो.

जळालेली झाडं तोडून विकणं या यादीत बसत नाही. जी माती सर्वांत नाजूक अवस्थेत आहे तिच्यावरून त्याच एक-दोन वर्षांत जड यंत्रं फिरवायची असतात. त्यामुळे माझा पहिला प्रश्न हा असतो : तीव्रतेच्या नकाशावर तोडीसाठी आखलेले जमिनीचे तुकडे ठेवून बघितलेत का? सर्वांत तीव्र जळालेल्या, तीस-पस्तीस टक्क्यांहून जास्त चढाच्या उतारावर जमिनीवरून ओंडके ओढणार का, तारेवरून, की हेलिकॉप्टरने? हे दोन नकाशे एकत्र ठेवलेला एखादा तक्ता अहवालात नसेल, तर तो मागणं ही तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगी ओळ ठरू शकते.

दुसरा प्रश्न जंगल परत येण्याचा. ‘काही केलं नाही तर इथे झुडपांचं रान होईल, जंगल परत येणार नाही’ हे वाक्य जळीत प्रकल्पांत हमखास असतं. तुमच्याच राज्यात त्याची मोठी परीक्षा झाली. २००२ चा बिस्किट वणवा नैर्ऋत्य ऑरेगनमध्ये सुमारे पाच लाख एकरांवर पसरला. त्यानंतर डॅनियल डोनाटो आणि सहकाऱ्यांनी तिथल्या जळीत भागात रोपं मोजली. जानेवारी २००६ मध्ये सायन्स नियतकालिकात निष्कर्ष आले : न तोडलेल्या ठिकाणी सूचिपर्णी झाडांची रोपं आपोआप भरपूर उगवली होती, आणि तोड झालेल्या ठिकाणी त्यांची संख्या ७१ टक्क्यांनी कमी होती. यंत्रांनी माती उलथली, फांद्यांखाली रोपं गाडली गेली, शिवाय जमिनीवरचा बारीक जळाऊ कचराही वाढला. डोनाटो तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थी होते. हा लेख छापायच्या आधी थांबवावा म्हणून त्यांच्याच विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांनी नियतकालिकाला लिहिलं होतं, आणि एका केंद्रीय संस्थेने संशोधनाचा निधी काही काळ रोखला होता. एवढ्याशा शोधनिबंधाने एवढं रण पेटलं, कारण त्याने ‘काही नाही’च्या प्रकरणातल्या गृहीतकालाच हात घातला होता.

तरी तो अभ्यास सगळीकडे ठोकून देऊ नका. तो एका वणव्याचा आणि पहिल्या काही वर्षांचा आहे, हा टीकाकारांचा मुद्दा रास्त होता. दुसरी बाजूही आहे. उभी राहिलेली मेलेली झाडं पुढच्या दहा-वीस वर्षांत कोसळतात, आणि तेव्हा जमिनीवर जाड लाकडाचा साठा तोड झालेल्या जागेपेक्षा जास्त असतो. आणि वणव्याने फार मोठा सलग पट्टा पूर्ण जाळला असेल, तर पाँडेरोसासारख्या जड बियांच्या झाडांचं बी जिवंत झाडापासून शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडे क्वचितच पोचतं. पट्ट्याच्या मध्यभागी लागवड करणं मला योग्य वाटतं. म्हणून विचारायचं ते असं : जिवंत झाडांपासूनचं अंतर मोजून, कुठे बी पोचेल आणि कुठे नाही, याचा नकाशा केला आहे का? की संपूर्ण जळीत क्षेत्राला एकच निदान लावलं आहे? आणि जिथे लागवड करायची आहे, तिथे आधी तोड करणं गरजेचंच आहे का, हेही वेगळं विचारा. लागवड आणि तोड अहवालात जोडीने येतात, त्यांना एकत्र बांधणारं कारण मात्र प्रत्येक वेळी सापडत नाही.

जळीत जंगल हे रिकामं जंगल नसतं. काळ्या पाठीचा सुतारपक्षी तर ताज्या, दाट जळीत उभ्या झाडांच्याच मागे असतो, कारण त्यांत भुंगेऱ्यांच्या अळ्या खच्चून भरलेल्या असतात. पहिली काही वर्षंच त्याला ही मेजवानी मिळते. त्याच वर्षांत, त्याच जाड खोडांवर लाकूड कंपन्यांचीही नजर असते. म्हणून ‘एकरी काही मेलेली झाडं वन्यजीवांसाठी राखू’ असं आश्वासन वाचलं की ती सुटी-सुटी राखणार की सलग दाट तुकड्यांत, ते विचारा. या पक्ष्याला दाट तुकडे लागतात.

रस्त्याकडेच्या धोकादायक झाडांचं प्रकरण वेगळं तपासा. रस्त्यावर पडू शकणारं मेलेलं झाड काढलंच पाहिजे, यात वाद नाही. पण कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो जंगलात २०१८ च्या रँच वणव्यानंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना २०० फुटांपर्यंतची जळालेली झाडं विकायचा घाट घातला गेला, आणि ‘रस्ता दुरुस्ती आणि देखभाल’ या वर्गातली सूट वापरून, अहवाल न करताच. २०२० मध्ये नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या) अपील कोर्टाने सांगितलं की इतक्या मोठ्या प्रमाणावरची विक्री-तोड दुरुस्ती म्हणून खपवता येणार नाही. २०० फूट अंतरावरचं अर्धवट जळालेलं झाड रस्त्यावर पडेल की नाही हे त्याच्या उंचीवर अवलंबून आहे, आणि तेवढी उंची सगळ्या झाडांना नसते. तुमच्या पत्रातला रस्त्यांलगतचा पट्टा किती रुंद आहे ते बघा आणि तिथल्या झाडांच्या उंचीशी ताडून घ्या. जळीत तोडीसाठी २५० एकरांपर्यंतची वेगळी सूट आहे. शेजारी-शेजारी २४० एकरांचे दोन-तीन प्रस्ताव एकाच हंगामात दिसले, तर ते एकच काम तुकड्यांत मांडलं आहे का, हे जरूर विचारा.

खाणीचा भाग राहिला. इथे अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. तोडीचा प्रस्ताव फॉरेस्ट सर्व्हिसचा स्वतःचा असतो, खाणीचा कंपनीचा. आणि सोनं, तांबं, अँटिमनी अशा खनिजांना अजून १८७२ चा खाण कायदा लागू आहे. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यावर १० मे १८७२ रोजी सही केली. खुल्या सार्वजनिक जमिनीवर अमेरिकी नागरिक, नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेली व्यक्ती किंवा अमेरिकी कंपनी खनिज शोधून दावा ठोकू शकते, आणि त्यातून काढलेल्या धातूवर केंद्र सरकारला स्वामित्वधन द्यावं लागत नाही. कोळसा आणि तेल १९२० पासून वेगळ्या भाडेपट्ट्याच्या कायद्याखाली आहेत, तिथे सरकार ‘नाही’ म्हणू शकतं. या खनिजांत मात्र ‘आम्ही नाकारू शकत नाही, अटी घालू शकतो’ अशीच खात्याची वर्षानुवर्षांची समजूत. परिणामी ‘काही नाही’चा पर्याय अहवालात असतो, पण तो निवडता येणार नाही असं गृहीत धरूनच लिहिलेला असतो.

रोझमाँट खाणीच्या निकालाने त्या समजुतीला तडा गेला. ॲरिझोनातल्या सांता रिटा डोंगरात, कोरोनाडो राष्ट्रीय वनात तांब्याची खाण निघणार होती. खड्ड्यातून निघालेला १९० कोटी टन टाकाऊ खडक २,४४७ एकर वनजमिनीवर कायमचा टाकायचा बेत होता. २०१९ मध्ये जिल्हा कोर्टाने आणि २०२२ मध्ये नवव्या सर्किटने विचारलं : ज्या जमिनीवर खडक टाकायचा, तिथे मौल्यवान खनिज सापडल्याचा पुरावा कुठे आहे? खनिज नसेल तर तिथला दावा वैध कसा, आणि दावा वैध नसेल तर १८७२ च्या कायद्याचा हक्क तिथे पोचतो कसा? फॉरेस्ट सर्व्हिसने तो गृहीतच धरला होता. परवानगी रद्द झाली. तुमच्याकडच्या खाणीचा पूर्ण आराखडा कधी आला, तर खड्डा आणि टाकाऊ खडकाचे ढीग वेगवेगळ्या रंगांत दाखवणारा नकाशा मागा.

सध्या तुमच्याकडे फक्त शोधाचं खोदकाम आहे. एका वर्षाच्या आत संपणाऱ्या अशा कामाला सूट मिळते. कॅलिफोर्नियातल्या इन्यो राष्ट्रीय वनात असंच खोदकाम मंजूर करताना जमीन पूर्ववत करायला आणि तिच्यावर देखरेख ठेवायला आणखी काही वर्षं लागणार होती, म्हणून सूट मिळणारे दोन वर्ग एकमेकांना जोडले गेले. २०२४ मध्ये नवव्या सर्किटने ती जोडणी अमान्य केली. ऑरेगन याच सर्किटमध्ये येतं, त्यामुळे हा निकाल तुमच्या कामाचा ठरू शकतो. कंपनीच्या अर्जात खोदायला किती महिने आणि झाडं पुन्हा रुजेपर्यंत देखरेखीला किती वर्षं, हे दोन आकडे शोधा.

शोधाच्या टप्प्यावरच दुसरं एक काम करून घ्या : ओढे, झरे, विहिरी यांचं आजचं पाणी तपासून नोंदवून ठेवायला सांगा. खडकात लोखंड-गंधकाचं खनिज, म्हणजे पायराइट, असेल तर हवा-पाण्याशी संबंध येताच त्यातून गंधकाम्ल बनतं, ते खडकातले जड धातू विरघळवतं, आणि एकदा सुरू झालेली ही क्रिया खाण बंद झाल्यावरही दशकानुदशकं चालू राहू शकते. २००६ मध्ये जिम कायपर्स आणि ॲन मेस्ट यांनी अशा अहवालांतली भाकितं प्रत्यक्षाशी ताडून बघितली. बारकाईने अभ्यासलेल्या २५ खाणींपैकी १९ ठिकाणी पाण्याच्या गुणवत्तेची मर्यादा ओलांडली गेली होती. परवानगी मिळताना बहुतेकांनी असं होणार नाही असंच लिहिलेलं असतं. आधीच्या पाण्याची नोंद नसेल, तर नंतर ‘हे पाणी पूर्वीपासूनच असं होतं’ हे खोडून काढता येत नाही.

आणि साफसफाईसाठी कंपनीने आधीच ठेवायची हमी रक्कम. कंपनी बुडाली तर साफसफाई कोणाच्या पैशाने? कोलोरॅडोतल्या समिटव्हिलची सोन्याची खाण १९९२ च्या डिसेंबरमध्ये कंपनी दिवाळखोर होऊन सोडून गेली. भोवती राष्ट्रीय वन, खाली अलामोसा नदी. साफसफाईचा खर्च दहा कोटी डॉलरच्या कितीतरी पुढे गेला, तो मुख्यतः सरकारी तिजोरीतून. हमीची रक्कम कशी काढली, पाणी किती वर्षं शुद्ध करावं लागेल असं धरलं, हे विचारणं पूर्णपणे तुमच्या अधिकारात आहे.

खाणीच्या बाबतीत ‘काही नाही’ नेहमीच निर्दोष असतं असं मात्र मी म्हणणार नाही. आयडाहोतल्या पेएट राष्ट्रीय वनातलं स्टिब्नाइट बघा. तिथल्या जुन्या खड्ड्याने १९३८ पासून सामन माशांचा वर जायचा मार्ग अडवला आहे, आणि जुन्या खाणकामाचा गाळ अजून पाण्यात विष सोडतो. नवी कंपनी म्हणते, आम्ही सोनं आणि अँटिमनी काढताना हे सगळं दुरुस्त करू. जानेवारी २०२५ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने मंजुरी दिली. नेझ पर्स या मूळनिवासी जमातीचा विरोध आहे, कारण तो सगळा परिसर त्यांच्या सरकारशी झालेल्या करारातल्या मासेमारीच्या हक्काचा आहे. इथे विचारायचा प्रश्न असा की जुनी घाण काढायला नवी प्रचंड खाण लागतेच का, की साफसफाई तिच्यावाचून करता येते. दोनच पर्याय समोर ठेवले की हा प्रश्न गळून पडतो.

लिहिताना लक्षात ठेवण्यासारखं इतकंच. एकाच मजकुराची हजार ईमेल आली तरी खातं त्यांचा एकच मुद्दा धरतं. म्हणून संस्थांनी दिलेला तयार मजकूर पाठवण्यापेक्षा तुमच्या स्वतःच्या पाच ओळी पाठवा : अहवालाचं पान, तुकड्याचा क्रमांक, तिथे तुम्ही काय बघितलं, त्यावरून काय चुकतंय असं वाटतं, आणि काय बदलावं. ‘तुकडा १४ च्या खालच्या बाजूला बारमाही झरा आहे, तो नकाशावर नाही, हे तारखेसह फोटो’ अशी ओळ टाळणं अधिकाऱ्याला फार कठीण जातं. मी अशा एका ओळीने तोडीच्या सीमा सरकलेल्या बघितल्या आहेत. संशोधनाचा हवाला दिलात तर तो लेख जोडून पाठवा. झाडं तोडू नका, एवढंच लिहू नका. कोणता मधला पर्याय तपासायला हवा ते लिहा, जसं नवा रस्ता न काढता जुन्या रस्त्यावरून पोचेल तेवढंच काम, किंवा तीव्र जळीत उतार पूर्ण वगळून बाकीचं काम.

निर्णय झाल्यावर फाइल बंद करू नका. निर्णयपत्रात दिलेली प्रत्येक अट (तात्पुरते रस्ते बुजवणं, ओढ्याकाठचा पट्टा सोडणं, पाण्याचे नमुने घेणं) कधी पुरी होणार ते नोंदवून ठेवा. दुसऱ्या वर्षी माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली देखरेखीचे अहवाल मागा. हा अमेरिकेतला माहितीचा अधिकारच आहे, तो वापरायलाही नागरिक असावं लागत नाही. अर्जात प्रकल्पाचं नाव, रेंजर जिल्हा आणि नेमकी कागदपत्रं लिहा, म्हणजे ‘फार व्यापक मागणी’ म्हणून परत येणार नाही.